पंखाच्या अलीकडे आत्या

सकाळची ती वेळ अशी असते की साक्षात देव जरी दारात आला तरी मी त्याला "जरा थांबा हं" म्हणेन. गॅसवर दूध, शेजारी कुकर, मुलगी एका पायात मोजा घालून दुसऱ्याच्या शोधात घरभर लंगडी घालतेय, आणि नवरा न्हाणीघरातून ओरडून विचारतोय की टॉवेल कुठे आहे. टॉवेल बहुतेक वेळा त्याच्या खांद्यावर असतो. त्या दिवशी अशा ऐन गर्दीत दारावर थाप पडली. दाराला चांगली बेल आहे. बेल सोडून थाप मारणारं माणूस एक तर घाबरलेलं असतं, नाहीतर जुन्या वळणाचं.

दारात कॅप्टन उभे होते. ते दोन्ही होते.

कॅप्टन म्हणजे कुठल्या फौजेचे कॅप्टन नव्हेत. आमच्या वस्तीच्या पुढे, रस्ता संपतो तिथे, एक लहानशी धावपट्टी आहे आणि तिच्या कडेला पत्र्याची मोठी शेड. फौजेनं मोडीत काढलेली जुनी विमानं तिथे आणतात, हौशी माणसं ती खिळ्या-मोळ्यापासून दुरुस्त करतात आणि जपून ठेवतात. कॅप्टन त्या शेडचे कारभारी. डोक्यावर बारा महिने टोपी असते म्हणून कॅप्टन. विमानात बसलं की त्यांना मळमळतं, आणि हे त्यांनीच एकदा हसत हसत सांगितलं होतं.

त्या दिवशी टोपी हातात होती.

"ताई, माफ करा, भलत्या वेळी आलो. शेजारी आत्या दार उघडत नाहीत."

"अहो, काय सांगता! बरं नाही का त्यांना?"

"ठणठणीत आहेत. आतून बोलतायत ना. 'मी घरात नाही' म्हणून सांगतायत."

इतक्यात मागे दूध उतू गेलं. ते तसंच सोडून मी त्यांना आत घेतलं, खुर्ची दिली, आणि पातेलं उतरवता उतरवता झालं काय ते ऐकलं.

शेडमध्ये बाकी सगळी विमानं पत्र्याची. कापडी पंखांचं एकच: पिवळं, एकावर एक असे दोन मजली पंख, पुढेमागे दोन बैठकी. फौजेत नव्या वैमानिकांना उडायला शिकवायचं ते विमान. त्याचा डावीकडचा खालचा पंख गेल्या थंडीत नवा शिवून झाला होता. आता उडवायची परवानगी घ्यायची म्हणून तपासणीला निरीक्षक आले. इंजिन सुरू केलं, नाकावरच्या पंख्याचा वारा पंखावर आला, आणि टोकाकडचं कापड फासळ्यांवरून वर उचललं गेलं. थोडंसंच. पण जमिनीवर थोडंसं म्हणजे हवेत किती, ते सांगायला नको.

"गाठी सैल आहेत," कॅप्टन म्हणाले. "शेवटच्या रांगेच्या. पंख उसवून पुन्हा शिवायला हवा. निरीक्षक महिनाअखेर परत येणार. तोवर झालं नाही तर शेडच्या समितीनं ठरवलंय, विमान संग्रहालयाला देऊन टाकायचं. ते लोक छताला टांगणार, झुंबर टांगतात तसं. एकदा टांगलं की संपलं. आणि आत्या पंखाला हात लावू देत नाहीत."

"त्यांना सांगितलंत का, गाठी सैल आहेत म्हणून?"

"तेच तर चुकलं," कॅप्टन टोपी फिरवत म्हणाले. "तेवढं ऐकलं आणि सुई उचलून घरी निघून गेल्या."

पंख आत्या आणि वहिनींनी मिळून शिवला होता, आणि गाठी वहिनींनी मारलेल्या होत्या. आणि वहिनी, म्हणजे आत्यांच्या भावजय, पंख पुरा झाल्यावर महिन्याभरातच गेल्या.

आमच्या दोन्ही घरांची मागची दारं एकाच चिंचोळ्या बोळात उघडतात. कॅप्टनना चहा देऊन, मुलीचा मोजा सोफ्याखालून काढून देऊन मी मागच्या बाजूनं गेले. आत्यांचं दार नुसतंच लोटलेलं होतं. आत्या स्वयंपाकघरात टेबलाशी बसल्या होत्या. समोर चहाचा कप, त्यावर साय धरलेली. अंगावर बाहेर जायचे कपडे, केस विंचरलेले, पायात बूटसुद्धा. म्हणजे रोजच्यासारख्या शेडवर जायला तयार झाल्या आणि मग कुठे जायचं नाही हे आठवून बसून राहिल्या.

"त्यानं पाठवलं ना तुला?"

"आत्या, ते बिचारे..."

"बिचारा काय बिचारा! टोपीवाला. म्हणतो कसा, गाठी सैल. अगं, तिच्या गाठी मी ओळखते. कपड्यांची दोरी बांधली तरी सोडवताना घरातले सगळे कंटाळून जायचे. माझा भाऊ म्हणायचा, हिनं पिशवीचं तोंड बांधलं की पिशवीच फाडावी लागते. आणि हा म्हणतो सैल!"

ज्या वहिनीशी आत्या इतकी वर्षं धड बोलल्या नाहीत, तिच्या गाठीसाठी त्या अशा भांडत होत्या. मला हसू आलं, आणि मग आलं नाही.

आत्यांची गोष्ट सांगायची तर सुरुवात दादांपासून करायला हवी. दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. फौजेत विमानांचे फिटर होते. निवृत्त झाल्यावर स्वस्थ बसवेना, म्हणून त्यांनी आणि दोस्तांनी मिळून ती शेड उभी केली. आत्या तेव्हा तंबू आणि ताडपत्र्या शिवायच्या कारखान्यात कामाला. उंच, काटकुळ्या, बोटं लांब, जीभ त्याहून लांब. त्यांचं लग्न झालं नाही. का, ते त्या सांगत नाहीत आणि विचारायची माझी छाती नाही. भावाच्याच घरी राहिल्या. भाचा त्यांना आत्या म्हणायचा, त्याच्या मागून अख्खी वस्ती म्हणायला लागली.

शेडमधल्या पुरुषांनी पहिला पंख स्वतःच शिवला होता. दादांनी मोठ्या कौतुकानं बहिणीला बघायला नेलं. आत्या सभोवार फिरल्या आणि म्हणाल्या, "हा पंख आहे की बटाट्याचं पोतं?" दुसऱ्या दिवसापासून शिवायचं काम त्यांच्याकडे आलं. पण ते काम एकटीचं नव्हे. म्हणून दादांनी बायकोलाही नेलं.

ते काम कसं असतं ते मी स्वतः पाहिलंय, म्हणून सांगते. पंख म्हणजे लाकडी फासळ्यांचा सांगाडा, त्यावर दोन्हीकडून ताणून कापड. नुसतं चिकटवून भागत नाही. वेगात हवा ते उपटून काढते. म्हणून प्रत्येक फासळीला कापड आरपार शिवून बांधायचं. त्यासाठी पंख लाकडी घोडीवर धारेवर उभा करतात, भिंतीसारखा. एक जण अलीकडे बसतो, एक पलीकडे. सुई हातभर लांब, दोऱ्याला मेण लावलेलं. पलीकडची फासळीच्या एका अंगानं सुई आत घालते, ती अलीकडे निघते. अलीकडची तीच सुई फासळीच्या दुसऱ्या अंगानं परत पाठवते. मग पलीकडची दोरा आवळते आणि गाठ मारते. गाठी सगळ्या एकाच बाजूला. ती बाजू वहिनींची. आत्या नेहमी अलीकडे.

मध्ये कापडाची भिंत. एकमेकींचं तोंड दिसत नाही, नुसता आवाज येतो आणि कापडातून सुईचं टोक.

"नणंद-भावजयीला याहून सोयीचं काम जगात सापडणार नाही," दादा म्हणायचे.

दोघी पंखाआडून यथेच्छ भांडायच्या. भाजीत मीठ कुणी जास्त घातलं, गच्चीवरचे कपडे कुणी आणायचे, माहेरच्या कुणी कुणाला काय म्हटलं, सगळं. कॅप्टन सांगतात, पंखाला कान लावला की रेडिओवरची नाटिका ऐकल्यासारखं वाटायचं. आणि हात चालूच. टाक्यात कसर नाही.

मग दादा आजारी पडले. आत्या त्या वेळी बाहेरगावी चुलत बहिणीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. दादांनीच सांगितलं होतं, तिला कळवू नका, धावत येईल, तिकडे त्या बाईचे हाल होतील. वहिनींनी नवऱ्याचं ऐकलं. आत्या परत आल्या तेव्हा दादा डोळ्यांनी ओळखत होते, पण बोलू शकत नव्हते. चार शब्द राहून गेले ते राहूनच गेले.

दादा गेल्यावर आत्यांनी वहिनींशी अबोला धरला. एका घरात, एका चुलीवर, शेजारी शेजारी खाटा टाकून झोपणाऱ्या दोन बायका. एक बोलायची, दुसरी उत्तर द्यायची नाही. काही दिवसांनी बोलणारीही थांबली. मी नवी लग्न होऊन आले तेव्हा हे असं चाललेलं. पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तर दोघी स्वयंपाकघरातच उभ्या होत्या. वहिनी मला म्हणाल्या, "त्यांना सांग गं, कढई उतरवा म्हणावं." आत्या मला म्हणाल्या, "तिला सांग, मला दिसतंय." मी आपली दोघींच्या मधे उभी, हातात वाटी, साखर मागायला आलेली.

शेडवर मात्र दोघी रोज जायच्या. एकाच बसनं, दोन वेगळ्या बाकांवर बसून. त्यांच्यावाचून काम अडलं असतं. शिवताना तोंडातून दोनच शब्द निघायचे. सुई आपल्याकडे निघाली की "आली." परत पाठवली की "गेली." दिवसभर आली, गेली, आली, गेली. जुने लोक म्हणायचे, नाटिका बंद पडून आता घड्याळ लागलंय.

आणि मग ती चूक झाली.

पंखाच्या आतून एक पोलादी तार जाते. वैमानिक पुढे बसून दांडा हलवतो, ती तार ओढली जाते, आणि पंखाच्या टोकाची फळी वर-खाली होते. विमान डावी-उजवीकडे कलतं ते तिच्यामुळे. शिवताना दोऱ्याचा फास त्या तारेभोवती पडू द्यायचा नाही. म्हणून तारेचं एक टोक अलीकडे, आत्यांच्या हाताशी बाहेर लोंबतं ठेवायचं. गाठ आवळण्याआधी आत्यांनी ते ओढून बघायचं आणि "मोकळी" म्हणून सांगायचं. मगच वहिनींनी गाठ मारायची.

हा तिसरा शब्द अबोल्यात कधी गळून पडला ते दोघींनाही कळलं नाही. आत्या मनातल्या मनात म्हणायच्या, विचारेल तेव्हा सांगेन. वहिनी म्हणायच्या, अडकली असती तर बोलल्या असत्या ना. एक विचारीना, दुसरी सांगेना. अख्खा पंख शिवून झाला, त्यावर ते उग्र वासाचं रोगण चढवलं, ज्यानं कापड डफासारखं ताणतं. रंग दिला, पंख विमानाला बसवला. वैमानिकानं आत बसून दांडा हलवला. हलेना. दोघांनी मिळून ओढला, तरी हलेना. दोघी बायकांनी मिळून ती तार पंखात पक्की शिवून टाकली होती.

शेडमध्ये हसून हसून लोक लोळले. या दोघी सोडून.

तिथे दादांच्या काळापासून एक नियम आहे. गाठ ज्यानं मारली असेल त्यानंच ती कापायची. दुसऱ्याच्या गाठीला कात्री लावायची नाही. दादांचं म्हणणं असं की आपली चूक आपल्या हातानं उसवली की ती पुन्हा होत नाही, आणि दुसऱ्याची आपण उसवली की आपण दहा घरी सांगत फिरतो. त्यामुळे त्या रांगेच्या सगळ्या गाठी वहिनींना कापाव्या लागल्या. आत्या अलीकडे बसून सुटलेला दोरा ओढून घेत होत्या. वहिनी रडत होत्या असं कॅप्टन म्हणतात. आत्या म्हणतात, तिला सर्दी झाली होती.

कॅप्टन तेव्हा नवे नवे कारभारी झाले होते. त्यांनी फर्मान काढलं: प्रत्येक टाक्याला अलीकडचीनं मोठ्यानं "मोकळी" म्हणायचं आणि पलीकडचीनं मोठ्यानं "बांधते" म्हणायचं. मला इथे, माझ्या टेबलापर्यंत ऐकू यायला हवं. नाहीतर दोघींनी घरी बसायचं.

घरी बसायचं! दोघींनी एकत्र! त्यापेक्षा म्हटलेलं बरं.

झालं. ज्या दोघी घरात एकमेकींना "मीठ दे" म्हणत नव्हत्या, त्या दिवसभर एकमेकींना हाक देऊ लागल्या. मोकळी. बांधते. मोकळी. बांधते. घरी पुन्हा चिडीचूप. पण मी बोळातून बघायची ना, वहिनी चहा करताना न विचारता दोन कप करू लागल्या. आत्या तो कप न बोलता घेऊ लागल्या. याला समेट म्हणायचं का ते मला सांगता येत नाही. अबोला मात्र आता जुन्या चपलेसारखा झाला होता, पायाला टोचत नव्हता, म्हणून कुणी काढत नव्हतं.

वहिनी गेल्या. भाचा आला, चार दिवस राहिला, "आत्या, चल माझ्याकडे" म्हणाला. खरंच मनापासून म्हणाला. आत्या म्हणाल्या, "मी तिकडे येऊन काय करू? तुमच्याकडे सगळे बोलतात." भाचा बिचारा निघून गेला.

तेव्हापासून ते घर मला सोसवत नाही. बाहेरून काहीच बदललेलं नाही. दोन्ही खाटांवर चादरी घातलेल्या, दोन्ही टॉवेल दांडीवर. आत्या शेडवर जातात, शिवायला काही नसतं तर दोऱ्याला मेण लावून गुंडाळून ठेवतात. किती लावणार! संध्याकाळी येतात, कुलूप उघडतात, दिवा लावतात. बोळाच्या बाजूला त्यांचं स्वयंपाकघर आणि माझं समोरासमोर. भांड्याचा आवाज येतो, नळाचा येतो, खुर्ची सरकवल्याचा येतो. माणसाचा येत नाही. मी एकदा त्यांना विचारलं होतं, करमतं का हो? आत्या पालेभाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अगं, अबोला धरायला तरी समोर माणूस लागतं."

तर त्या सकाळी मी त्यांच्या टेबलाशी बसले. कोणत्या तोंडानं काय सांगणार? शेवटी सरळच म्हणाले, "आत्या, नाही उसवला तर ते विमान नेऊन टांगतील."

"टांगू देत."

"मग तुम्ही काय शिवणार?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

"चल," त्या एकदम उठून म्हणाल्या. "माझ्या डोळ्यांनी बघते. इंजिन लाव म्हणावं. कापड उचललं नाही ना, तर त्या निरीक्षकाला मी गाठ म्हणजे काय ते शिकवते. तू पण चल. साक्षीदार पाहिजे."

मुलीला शाळेच्या बसमध्ये बसवून आणि नवऱ्याला डबा स्वतः भरून घ्यायला सांगून मी निघाले. कॅप्टनची जुनी व्हॅन. आत्या पुढे, मी मागे, माझ्या शेजारी रंगाचे डबे. वस्ती मागे पडली, गोदामं लागली, मग मोकळं माळरान आणि वारा. आत्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. बाहेरच बघत बोलायला लागल्या, कुणाला उद्देशून ते कळेना.

"शेवटची रांग चालली होती. मी म्हटलं, मोकळी. तर पलीकडून 'बांधते' येईचना. मी मनात म्हटलं, झोपली की काय. परत म्हटलं, मोकळी. मग म्हणाली, 'वन्सं, मला मोठ्या दवाखान्यात बोलावलंय. बरं नाही दिसत ते. अजून कुणालाच सांगितलं नाही, मुलालासुद्धा नाही. आधी तुम्हाला सांगतेय.'"

इतक्या वर्षांनी ती बाई घरात नव्हे, बसमध्ये नव्हे, तर तिथे पंखाआडून बोलली होती. आणि आधी कुणाला, तर नणंदेला.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? मधे एवढा पंख." आत्यांनी चष्मा काढून पदराला पुसला. "मी म्हटलं, 'बांध.'"

कॅप्टननी गरज नसताना गिअर बदलला.

"आणि बांधली तिनं," आत्या म्हणाल्या. "उठून गेली नाही. पूर्ण रांग बांधली. दवाखान्यातून आल्यावर पुन्हा कधी तिथे बसली नाही, पण ती रांग पुरी करून गेली. आणि हे म्हणतात सैल."

शेडचा दरवाजा उघडला की पहिला वास येतो तो रोगणाचा, मग तेलाचा. पिवळं विमान बाहेर काँक्रीटवर ओढून ठेवलेलं होतं, चाकांपुढे ठोकळे. जवळून बघितलं की ते विमान वाटत नाही, कुणीतरी फार निगुतीनं केलेली घरगुती वस्तू वाटते. पंखावर फासळ्यांच्या रेघा, प्रत्येक रेघेवर टाक्यांचे बारीक उंचवटे, सारख्या अंतरावर. वरच्या अंगाला नुसता दोरा दिसतो. ती आत्यांची बाजू. गाठी पंखाच्या पोटाकडे, खाली. बघायच्या तर वाकावं लागतं.

मेकॅनिक आत बसला. कॅप्टननी पंखा हातानं फिरवून दिला, दोनदा खोकलून इंजिन सुरू झालं. माझे केस, साडी, सगळं उडायला लागलं. आत्या मात्र पंखाच्या टोकाशी खांबासारख्या उभ्या. आवाज वाढला. वारा पंखावरून वाहायला लागला. आणि मला दिसलं ते मी पाहायला नको होतं असं वाटलं: सगळं कापड ताठ, घट्ट, आणि टोकाकडच्या शेवटच्या रांगेत ते हलकेच वर येत होतं, खाली बसत होतं. वर, खाली. झोपलेल्या माणसाच्या पांघरुणासारखं.

आत्यांनी हात वर केला. इंजिन बंद झालं. पंखा थांबेपर्यंत कुणी हललं नाही.

मग आत्या खाली वाकल्या. गुडघे टेकून पंखाच्या पोटाखाली गेल्या. मीही वाकले. त्यांनी शेवटच्या रांगेच्या आधीच्या रांगेवर बोट ठेवलं आणि एकेक गाठ चाचपत टोकाकडे आल्या. पहिल्या गाठी लहान, कडक, ज्वारीच्या दाण्यासारख्या. शेवटच्या रांगेतली पहिलीही तशीच. मग एक जरा मोठी. मग एक, जिला दोनदा पीळ दिला होता आणि तरी ती बसली नव्हती. पुढे तर दोरा नुसता गुंडाळलेला होता, थरथरत्या हातानं, पुन्हा पुन्हा. निसटू नये म्हणून. बाईनं जीव ओतला होता त्यात. पण बोटांत ताकदच उरली नव्हती.

आत्या त्या गाठीवर बोट ठेवून तशाच बसून राहिल्या.

"सैल आहेत," त्या म्हणाल्या.

कॅप्टन कधीचे शेजारी उकिडवे बसले होते. "आत्या, मला तेव्हाच दिसलं होतं. सांगायचा धीर झाला नाही. रोगणाखाली धरून राहतील वाटलं."

"मला पण कळलं होतं," आत्या म्हणाल्या. "माझ्याकडचा दोरा ओढला जातो ना, गाठ आवळली की. त्या दिवशी ओढला जात नव्हता."

वाऱ्यानं शेडचा पत्रा वाजत होता. मेकॅनिक लांब जाऊन उगाच काहीतरी पुसत उभा राहिला.

"हे बघा," कॅप्टन म्हणाले, "उसवायचं काम मी करतो. एका सकाळीत होईल. तुम्ही येऊसुद्धा नका. आणि शिवायला मी बसतो पलीकडे. टाके वाकडे आले तर पोटभर शिव्या घाला."

"तुम्ही कापणार? तिच्या गाठी?"

"अहो, मग कोण? नियम आहे, मान्य. पण गाठ मारणारं माणूसच राहिलं नाही तर काय करायचं? दादांनी याचा विचार केला नव्हता. मी म्हणतो, या वेळेपुरता नियम गेला खड्ड्यात."

"दादाचा नियम आहे," आत्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "परक्यानं कात्री लावायची नाही."

"मग तो निरीक्षक येईल आणि..." कॅप्टननी टोपी काढून डोकं खाजवलं. माझ्याकडे बघितलं, जणू मी काही सुचवेन. मी नुसती बघत होते त्या लांब बोटांकडे, ज्यांना त्या गाठीवरून निघवत नव्हतं.

मग आत्यांनी पंखाखालून बाहेर यायला हात पुढे केला. मी हात दिला. त्या उठल्या, गुडघ्यावरची माती झटकली, चष्मा नीट केला.

"परका कशाला हवा," त्या म्हणाल्या. "ती माझी वहिनी होती."

कॅप्टननी टोपी पुन्हा डोक्यावर घातली.

"पंख आजच उतरवून घ्या. घोडीवर उभा करा. अलीकडे, माझ्या जागेवर, तुम्ही बसा, दोरा ओढून घ्यायला. माझं एवढंच मागणं आहे. उद्या मला वहिनीच्या बाजूला बसू द्या."